दोघींची घडी

“हाताची घडी!” बाईंनी सांगताच बालवर्गातले सगळे हात दुमडले. जन्मापासून ताठ असलेला पर्णवीचा उजवा हात तेवढा सरळ राहिला.

“पाहिलंत? शिस्त अशीच मोडते,” दारातून मुख्याध्यापिका म्हणाल्या. “उद्यापासून हिला विशेष शाळेत पाठवू.”

“मॅडम, घडी कशासाठी घालायची?” बाईंनी विचारले.

“हात इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून.”

“मग हिचा कुठे जातोय?”

शेजारच्या जुईलीने पर्णवीचा तो ताठ हात उचलून आपल्याच घडीत घट्ट धरला.

मुख्याध्यापिका पुढे आल्या. “पर्णवी, ऊठ. ऑफिसात चल. जुईली, सोड तिला.”

जुईली हलली नाही. “बाई अजून ‘घडी सोडा’ म्हणाल्या नाहीत.”

मुख्याध्यापिकांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी सावकाश स्वतःच्या हातांची घडी घातली.