हळदीच्या डब्यातला रोटर

"मारा आणखी एकदा!" नरसिंगनं बॉनेटखालून आवाज दिला.

किशनरावांनी स्टार्टर दाबला. जीपनं घर्र घर्र केलं, दोनदा खोकली आणि गप्प बसली.

"तोंडानं लई बोलती, पर जागची हालत न्हाई," किशनराव म्हणाले. "तुझी मामी रुसली का अशीच करती."

ही जुनी मिलिटरीची जीप किशनरावांनी लिलावात घेतली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आता उदगीरला गॅरेज टाकून बसलेला नरसिंग पाना धरायला शिकला तो याच अंगणात. म्हणून वस्तादांचा निरोप मिळाल्याबरोबर तो हातातलं काम टाकून आला होता. त्याची फटफटी फाटकाबाहेर असतानाच किशनराव ओरडले होते, "ये रं नरसिंग, सायलेन्सर फुटलाय की तुझा!" कानाचा पक्का माणूस. नरसिंगनं त्यांचा हात हातात घेतला, तर बोटं पिवळीधमक. रोज जीपला हळदकुंकू वाहायचं, आणि या दुष्काळात हात धुवायला पाणी आणायचं कुठून?

"उद्या सकाळी लातूरहून साहेबाचा माणूस येणार हाय," किशनराव म्हणाले.

लातूर जिल्हा नवा झालेला, वर त्याच्या नशिबी दुष्काळ. दुष्काळी कामांवर फिरायला सरकारी साहेबाला ड्रायव्हरसकट जीप हवी होती, आणि तालुक्यात ज्यानं त्यानं किशनरावांचंच नाव सांगितलं होतं.

"ह्या वयात असा मान कुणाला मिळतो? अन् ह्या बयेनं आठ दिसांपासून दावा मांडलाय."

"डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडून पाह्यली का, वस्ताद?"

"पैल्याच दिशी. आत समदं जिथल्या तिथं हाय."

नरसिंगनं पेट्रोल बघितलं. येत होतं. बॅटरी ठणठणीत. प्लगला मात्र ठिणगीच नव्हती. मग वस्तादांचा शब्द बाजूला ठेवून त्यानं टोपी उघडलीच, आणि बघतो तर आत रोटरच नाही! बोटाएवढा तुकडा, पण तो नसला की ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. आणि तो आपोआप काही गळत नाही. कुणीतरी काढावा लागतो.

अठ्ठावीस वर्षं हीच गाडी चालवणाऱ्याला हे दिसू नये?

"नरसिंग, च्या घ्यायला आत ये बाबा," घरातून केवळाबाई मामींनी हाक मारली.

तो चुलीपाशी टेकला, तशी त्यांनी आवाज खाली आणला. "सापडलं न्हवं तुला?" फळीवरचा हळदीचा डबा काढून त्यांनी आत बोटं खुपसली आणि हळदीनं माखलेला रोटर वर काढला. "म्याच लपवलाय."

नरसिंगनं वळून दाराबाहेर बघितलं.

"तुझ्या वस्तादाला दिसंना झालंय रं. मागल्या म्हैन्यात बाभळीला गाडी घासली, तर म्हनले बाभळच आडवी आली. कुनाला सांगत न्हाईत, मलाबी न्हाई. उद्या साहेबाला घेऊन निघाले अन् रस्त्यात एखादं लेकरू आलं तर? तुमाला दिसत न्हाई असं म्या तोंडावर म्हनलं, तर मानूस खचंल. त्यापरीस गाडी बिघडलेली बरी."

"त्यांना संशय न्हाई आला?"

"आला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "पर मीबी काय लई घट्ट काळजाची न्हाई. दिसभर गाडीपाशी बसून तिच्यावर हात फिरवतात. मला ते बघवत न्हाई. काल तर म्याच रोटर परत बसवायला निघाले होते."

"राहू दे मामी तो डब्यात. मी सांगतो त्यांना काय सांगायचं ते."

चहा संपवून तो बाहेर आला. ज्या माणसानं कला दिली, त्याच्याशीच खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "वस्ताद, कॉईल जळाली. हिची कॉईल आता मिळणं मुश्कील. उद्या काय गाडी निघत न्हाई."

किशनराव बॉनेटवर थाप मारून ओरडले, "ऐकलं का गं? कॉईल गेली म्हनतो ह्यो! आता साहेबाला काय तोंड दाखवू?"

"सांगा, गाडी म्हातारी झाली," केवळाबाई आतून म्हणाल्या. "त्यात काय लाज?"

नरसिंग निघाला, तसे किशनराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून फाटकापर्यंत आले. घराकडं कान देऊन क्षणभर थांबले. मग खिशातून चिंधीची पुरचुंडी काढून त्यांनी त्याच्या मुठीत कोंबली. नरसिंगनं ती उलगडली. आत हळदीनं पिवळा झालेला रोटर होता.

"डब्यात हाय तो जुना, तडकलेला; म्याच बदललाय," किशनराव कुजबुजले. "ह्यो चांगला तू घेऊन जा. तिचं मन लई मऊ हाय रं, उद्या माझं तोंड बघून परत बसवंल."