पुरेसा पाऊस

पाणबुडीवर आठवड्याला घरचा एकच संदेश यायचा, आणि त्यातली मरणाबिरणाची बातमी किनाऱ्यावरच गाळली जायची. तो संदेश पकडणारं यंत्र इंजिनिअर लाइलनंच बनवलेलं. मोंटानातल्या गुरांच्या रँचवरून त्याचे बाबा दर वेळी तेच रडगाणं पाठवायचे: पाऊस कमी, गवत करपलं, कोल्हे माजले.

आज रेडिओ सांभाळणाऱ्या ऑर्टिझनं हसत कागद पुढं केला. "म्हातारा सुधारला की हो साहेब! 'पाऊस पुरेसा झाला. सगळं छान. काळजी नको. बाबा.'"

"एखादा शब्द चुकला असेल," लाइल पुटपुटला.

"तुमचं यंत्र आणि चुकेल होय!"

 

पाऊस पुरेसा झाला, असं बाबांनी उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं. त्यांच्या नावानं हे आईनं लिहिलं होतं.