चार लिंबं

गाडी चालू झाली आहे, हे आप्पांना पटेचना.

"आवाज कुठाय?" त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"तीच तर मजा आहे, गुरुजी," गौरीशंकर म्हणाले. "हळू असली की बॅटरीवर चालती. जोर लागला की मग पेट्रोल."

"म्हणजे आमच्या घरच्या मंडळींच्या उलट. त्या सुरूच पेट्रोलवर होतात."

अस्मिता हसली आणि तिनं गाडी लॉजच्या फाटकाबाहेर काढली.

गौरीशंकरांचं तुळजापुरात लॉज होतं. गाडी बुटकी, आणि त्यांचे गुडघे गेलेले; आत बसायचं म्हटलं की दोघांनी धरावं लागे. म्हणून विकायला काढली होती. आप्पा धाराशिवचे, शाळेतून निवृत्त झालेले. अस्मिताच्या आईला आता मोटारसायकलवर मागं बसवत नव्हतं. अस्मिता मुद्दाम पुण्याहून आली होती. ती हो म्हणाली तर घ्यायची, नाही म्हणाली तर नाही, असं आप्पांनी निघतानाच सांगून टाकलं होतं. तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात चार लिंबं होती. चाकांखाली ठेवायला.

घाट चढताना गाडीनं हूं की चूं केलं नाही.

"अस्मी, ही आली की दर पंधरवड्याला पुणं," आप्पा म्हणाले. "कळवायचं बिळवायचं नाही. सरळ दारात उभं."

"कळवून या हो. मी नसले म्हणजे?"

"पायरीवर बसू. तुझी आई तिथंच डबा सोडंल."

ती समोर रस्त्याकडं पाहत राहिली.

लॉजवर परत आल्यावर तिनं पर्समधून काडेपेटीएवढं यंत्र काढलं आणि स्टेअरिंगखाली खोचलं. गाडीची बॅटरी किती उरली आहे ते त्यानं मोबाईलवर दिसतं. बॅटरी गेली तर अर्धी गाडी गेली, असं मेस्त्रीनं आप्पांना बजावलं होतं. मोबाईलवर एकेक पट्टी उमटत गेली. मध्येच वर कैवल्यचा निरोप झळकला: आपल्या घराची किल्ली शेजारच्या काकूंकडं ठेवलीय.

आप्पांनी चष्मा शोधत मान पुढं केली. "काय म्हणतंय यंत्र?"

अस्मितानं फोन मांडीवर उलटा ठेवला.

"बॅटरी गेलीय, आप्पा. फार तर वर्षभर निघेल."

गौरीशंकरांचा चेहरा उतरला. मग ते देवळाच्या दिशेला वळले आणि त्यांनी हात जोडले. "आईची शपथ, गुरुजी. या गाडीत खोट न्हाई."

भवानीच्या दारात कुणी तिची शपथ घेतली की पुढं बोलणं उरत नाही. आप्पांनी एकदा गौरीशंकरांकडं पाहिलं, एकदा लेकीकडं.

"तुमच्यावर अविश्वास नाही, शंकरराव," ते शेवटी म्हणाले. "पण पोरीनं डोळ्यांनी बघितलंय."

संध्याकाळी घरी त्यांनी चारही लिंबं अस्मिताच्या आईपुढं ठेवली. "वाया कशाला घालवायची? सरबत कर." स्वतः दोन पेले प्यायले. "फसलो असतो गं," म्हणाले. गाडीला जागा व्हावी म्हणून अंगणातल्या कुंड्या त्यांनी कडेला सरकवून ठेवल्या होत्या. त्या एकेक उचलून परत जागेवर ठेवल्या. अस्मिता मदतीला उठली तर म्हणाले, "बस तू. दमली असशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकलवरून येडशीला जुन्या मित्राला भेटायला निघाले. हायवेवर मागून टँकर आला.

लोक येत राहिले, बसत राहिले. गाडीचं कानावर आलेलं होतंच. "निदान पैसा तरी वाचला," कुणी म्हणायचं. "पोरगी हुशार." अस्मिता मान हलवायची आणि चहाचे कप गोळा करायची. आई एकदाही म्हणाली नाही, की चारचाकी असती तर. कैवल्यचे फोन येत, ती ते कापायची. "कोण गं सारखं?" आईनं एकदा विचारलं. "ऑफिसातलं," ती म्हणाली.

तेरावा झाल्यावर गौरीशंकर आले. रिक्षातून उतरायला त्यांना रिक्षावाल्यानं हात दिला. आप्पांच्या फोटोसमोर ते उभेच राहिले. खुर्ची दिली तरी बसेनात.

"वहिनी, मला गाडीतलं काही कळत नाही हो," ते म्हणाले. "बरी चालत होती म्हणून बोलून गेलो. खोटी शपथ, ती पण आईच्या दारात. आन् दुसऱ्याच दिवशी तुमच्या घरावर हे."

"असं काय बोलता भावजी? तुमचा काय दोष त्यात?"

"तोंड माझं होतं. त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही. घरात जेवण गोड लागत नाही." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मंगळवारी देवीला लोटांगण घालतोय. सगळी प्रदक्षिणा. त्याच्या आधी तुमची माफी मागावी म्हणून आलो."

"या गुडघ्यांनी?" आई उठून उभी राहिली. "फरशीवर? अहो, पहिल्याच वळणावर आडवे व्हाल."

"झालो तर झालो. खोटं काय फुकट सुटतं का?"

ते वाकायला लागले. आईच्या पायांकडं. एक हात भिंतीला, दुसरा गुडघ्यावर. आई मागं सरकली, तिचे डोळे भरून आले.

"अस्मी, धर त्यांना. शिकलेली आहेस तू, सांग की गं यांना काहीतरी. तुझंच ऐकतील."

अस्मितानं पुढं होऊन त्यांचे दोन्ही दंड धरले. भिंतीवरून आप्पा पाहत होते, चष्मा घातलेले.

"काका, उठा," ती म्हणाली. "तुमची शपथ खरी होती."