खड्ड्याचं मीठ

"काका, डोळे मिटा आता. नाका आला," धोंडीबा कासरे ओढत म्हणाला. मागं वळून बघितलं, तर महांतप्पांनी ते आधीच मिटले होते.

गाडी नुकतीच ओढ्यातून वर आली होती. गाडीत लाकडी खुर्चीला पंच्यानं बांधलेले महांतप्पा ताठ बसले होते. कपाळाला आणि छातीला विभूती, गळ्यात झेंडूची माळ, हात मांडीवर. लिंगायतांचं मयत असं बसूनच जातं, बसूनच खड्ड्यात उतरतं, आणि मग त्याच्याभोवती विभूती आणि मीठ भरतात. त्या मिठासाठीच तर हे सोंग होतं. खुर्चीमागं मिठाची दोन पोती होती.

हैदराबादच्या सरकारला स्वतःचं बंदर पाहिजे, समुद्रावर हक्क पाहिजे, असं त्याच सरकारच्या हद्दीतल्या तामलवाडीच्या चावडीवर लोक बोलत. भांडण वाढलं तशी हिंदुस्थान सरकारनं हद्दीवर नाकेबंदी केली. समुद्र काही आला नाही, होतं ते मीठही गेलं. राजांची भांडणं राजांच्या ताटात कधी दिसत नाहीत. तामलवाडीत मात्र जनावरं भिंतींवरचा खारट लोणा चाटू लागली. मग पोरं एकमेकांचे घामेजलेले दंड चाटू लागली, आणि आया बघून न बघितल्यासारखं करू लागल्या.

नाक्यावरून मीठ सुटे ते फक्त मयताच्या खड्ड्यासाठी. ही फट शोधून काढली महांतप्पांनी. गावातलं मिठाचं दुकान त्यांचंच. "मरायचं वय झालंच हाय," ते म्हणाले, "थोडा सराव करतो." तेव्हापासून ते नाक्यापलीकडं सोलापुरात मरत आणि तामलवाडीत उठून चहा मागत. नाक्यावरचे शिपाई बदलत असत, म्हणून निभावत होतं. शेजारी बसून रडायचं काम त्यांच्या बायकोचं, रुद्रम्माचं. ते ती झकास करी. पण तिची एक अट होती.

"रडीन, ऊर बडवीन," ती म्हणाली होती, "पण जित्या नवऱ्याच्या नावानं बांगडी फुटायची न्हाय."

आज मात्र रुद्रम्मा रडतच नव्हती. ओढ्यापासून ती गप्प होती. नवऱ्याचा हात हातात धरून समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

"काकू, सुरू करा की," धोंडीबा दबक्या आवाजात म्हणाला. तिनं ऐकलंच नाही. ऐन वेळेला बाईनं दगा दिला, असं त्याला वाटलं.

शिपायानं गाडी थांबवली. पोत्यांकडं त्यानं बघितलंही नाही. तो महांतप्पांच्या तोंडाकडं बघत राहिला. दुपार टळत आली होती, वारा पडला होता, आणि बैलसुद्धा शेपटी हलवत नव्हते.

"ह्या म्हाताऱ्याला म्या वळखतो," शिपाई सावकाश म्हणाला. "मागं उन्हाळ्यात म्या हितंच होतो. तवाबी ह्योच मेला होता."

"त्यांचा भाऊ असंल, सायेब," धोंडीबा कसंबसं बोलला.

शिपायानं पोती तपासायचं लांब दाभण उचललं. "मेलेल्याला टोचलं तर काय दुखायचं न्हाय," तो म्हणाला.

एक हुंकार, एक नुसती कळ तोंडावर उमटली असती, तरी तिघंही तुरुंगात गेले असते आणि गावाचं मीठ कायमचं बंद झालं असतं. धोंडीबा डोळे फाडून महांतप्पांकडं बघत राहिला. एक माशी त्यांच्या नाकावरून चालत ओठावर आली आणि तिथंच बसली. महांतप्पा ढिम्म. म्हाताऱ्याच्या छातीचं धोंडीबाला कौतुक वाटलं.

दाभणाचं टोक मांडीपाशी आलं. तेवढ्यात रुद्रम्मा गाडीतून खाली उतरली. तिनं दोन्ही हात चाकाच्या लोखंडी धावेवर आपटले. एकदा, दोनदा. हिरव्या काचा धुळीत पडल्या, मनगटातून रक्त आलं. मग ती रडली. अर्धं कानडीत, अर्धं कुठल्याच भाषेत नाही. बैल मागं सरले. असलं रडणं धोंडीबानं आधीच्या एकाही खेपेला ऐकलं नव्हतं.

शिपायानं दाभण खाली ठेवलं. डोक्यावरची टोपी काढली. "जावा, बाई," तो म्हणाला.

महांतप्पांच्या मळ्यात दाखवण्यापुरता खड्डा खणून ठेवलेला होता. तिथं पोचल्यावर धोंडीबानं बैल सोडले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तो हसतच सुटला.

"काकू, मानलं तुमाला! आज तुमी नसता तर आमी गेलोच होतो. बांगड्यांचं तेवढं वाईट वाटतंय बगा. नव्या भरू."

रुद्रम्मा खाली बसली होती. "धोंडीबा, मूठभर मीठ हितं राहू दे," ती म्हणाली. "बाकीचं गावात ने. ज्या घरात पोरं हायेत तिथं आदी दे."

"हितं कशाला? आता कोण बघतंय?"

"खड्ड्याला लागंल."

धोंडीबा हसत हसत गाडीत चढला. "काका, उठा. चहा ठेवायला सांगतो," म्हणत त्यानं पंच्याची गाठ सोडायला हात घातला. त्याची बोटं महांतप्पांच्या मनगटाला लागली, आणि त्यानं हात झटकन मागं घेतला.

"वढ्यातच गार झाले ते," रुद्रम्मा म्हणाली. "तवाच म्या रडले असते, तर तू गाडी माघारी वळवली असतीस. म्हणून रडू म्या नाक्यापातूर राखून ठेवलं."