गोड्या पाण्याचे मासे

माशांच्या टाक्या बसवणाऱ्या चासिबनं पाण्याचा दुसरा कॅन काचेच्या टाकीत रिता केला, तेव्हा बसऱ्यातल्या त्या मुलांच्या दवाखान्यात बसलेल्या सात-आठ बायका आपापली पोरं विसरून त्याच्याकडेच बघत होत्या.

टाकी लहानशीच. तळाला धुतलेली खडी, कोपऱ्यात मुठीएवढा काळा स्पंज, त्यातून वर आलेली नळी, बाहेर हवेचा पंप. वीज गेली तर पाणी उलटं पंपात शिरू नये म्हणून नळीत एक झडप. डॉक्टर मुअय्यदना कमी कटकटीचं काहीतरी हवं होतं आणि याहून कमी कटकटीचं काही नव्हतं. बुडबुडे वर जातात, त्यांच्यामागे पाणी स्पंजातून ओढलं जातं, घाण तिथंच अडकते. महिन्यातून एकदा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा, बस्स. चासिब हे सगळं काउंटरवरच्या सुहादला समजावत होता.

पाणी कमी झालं तर नळाचं घालू का, असं सुहादनं विचारलं. सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून चासिबनं बेसिनवरून पेलाभर पाणी आणलं आणि खिशातली क्षार मोजायची कांडी त्यात बुडवली. आकडा आला पाच हजार आठशे. मग कांडी टाकीत धरली. नव्वद.

"माशाला किती चालतं?" भिंतीकडच्या खुर्चीवरून एका बाईनं विचारलं.

ती हस्ना. पहाटेच अबुल-खसीबहून आली होती. तीन वर्षांची रुदैना तिच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडली होती. जुलाब-उलट्यांचा चौथा दिवस, आणि या उन्हाळ्यातली तिसरी खेप.

"तीनशेच्या आत पाहिजे, ताई."

"आणि नळाचं घातलं तर?"

"संध्याकाळपर्यंत टिकायचे नाहीत," चासिब बोलून गेला. बोलल्यावर त्याचं लक्ष तिच्या मांडीवरच्या मुलीकडे गेलं.

हस्नानं सुहादला विचारलं, टाकीखालच्या या स्टँडवर थंड पाण्याचं यंत्र असायचं, ते कुठं गेलं? सुहाद खालच्या आवाजात म्हणाली, ते डॉक्टरांनी काढायला लावलं. बाहेरची माणसं येऊन बाटल्या भरून न्यायची.

हस्ना मुलीला खांद्यावर टाकून उभी राहिली. गेल्या दोन्ही खेपांना डॉक्टरांनी तिला पाणी उकळून पाजायला सांगितलं होतं. ती रोज उकळत होती. गॅस संपला की काटक्यांवर उकळत होती.

"उकळून मीठ जातं का, उस्ताद? तुम्हाला पाण्यातलं कळतं, तुम्हीच सांगा."

खोटं बोलावं असं चासिबला क्षणभर वाटलं. "नाही जात," तो म्हणाला. "उलट वाढतं."

कोपऱ्यात नातवाला घेऊन बसलेली म्हातारी कोरडं हसली. "गोडं पाणी माशांना. आपल्याला शेपटी नाही ना बाई, म्हणून."

मग कुणालाच गप्प बसवेना. एकीनं दोन्ही पोरांच्या अंगावरची खरूज दाखवली, दुसरी टँकरवाल्याच्या नावानं बोटं मोडू लागली. गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. आत मूल तपासतोय, जरा हळू, असं म्हणाले. टाकी मुलांसाठीच आहे, बसल्या बसल्या फार रडतात बिचारी, मासे बघून शांत होतील, असंही म्हणाले.

"तहानेनं रडतात, डॉक्टर," हस्ना म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. शहराचं पाणी मी खारं केलेलं नाही, ते म्हणाले, आणि चासिबला लवकर आटपायला सांगून आत गेले. दार जरा जोरातच लागलं.

चासिबनं तिसरा कॅन उचलला. त्याच्या घरीही दोन पोरं होती. प्यायला विकतचं पाणी आणायचा, पण भात त्याच नळाच्या पाण्यात शिजायचा, पोरं तेच तोंडात घेऊन चुळा भरायची. घरच्या नळाखाली ही कांडी त्यानं उन्हाळा लागल्यापासून धरली नव्हती. धरावीशी वाटली नव्हती. राग आला, पण कुणाचा ते त्याला नीट उमगेना.

त्यानं कॅन टाकीवर नेला नाही. स्टुलावर ठेवला, तोटी बायकांकडे केली, शेजारी चौथा आणून ठेवला. पंप सुरू करून बघितला. अर्ध्या टाकीत बुडबुडे नीट येत होते.

"फिल्टर लावून झालाय," तो सुहादला म्हणाला. "टाकी भरायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

तो हत्यारांची पिशवी घेऊन निघून गेला. बायका बाटल्या काढून उठल्या. रेटारेटी कुणी केली नाही. म्हातारीनं पहिली बाटली भरली आणि न बोलता हस्नाच्या हातात दिली.

हस्नाचा एकोणीस नंबर पुकारला गेला, तोवर रुदैनानं अर्धी बाटली संपवली होती. ती आधी बेसिनशी गेली. नळाखाली पेला भरला आणि एका हातात मुलगी, एका हातात पेला घेऊन आत शिरली. या डॉक्टरांना दुखावलं तर अबुल-खसीबच्या वाटेवर मुलांचा दुसरा डॉक्टर नव्हता.

डॉक्टरांनी रुदैनाचं पोट दाबून पाहिलं, पापणी खाली ओढून पाहिली, जीभ बघितली. हस्नाच्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही. कागद पुढ्यात ओढून लिहिता लिहिता सवयीनं विचारलं,

"पाणी कुठलं पाजता?"

हस्नानं पेला त्यांच्या कागदावर ठेवला.

पेन थांबलं. पेल्याच्या बुडाखाली ओली शाई पसरू लागली. डॉक्टरांनी पेला उचलला नाही, आणि हस्नाही उठली नाही.