जांभळाची चौथी वाटी

चाकणच्या चौकीत फौजदारांनी टेबलावर चार वाट्या मांडल्या आणि तानाबाईकडे बाक सरकवला. ती बसली नाही. कुरुळीची तानाबाई सरकारच्या बाकावर टेकत नसते, असं तिनं ऐकवलंही. खरं म्हणजे ती भ्यायली होती. एकदा बसलं की उठवायचं नाही, हे तिचं तिलाच ठाऊक.

परवा गावातला सोपानराव पिऊन मेला. दारू कुणाच्या हातची, एवढंच फौजदारांना हवं होतं. दारूबंदी आल्यापासून गावात चोरून करणारे दोघेच. एक गेनू, दुसरा तिचा मुलगा बन्सी. बन्सीचं पिंपरीच्या नव्या कंपनीत काम ठरलं होतं, पहिल्या तारखेपासून. आता कंपनी राहिली बाजूला, फास दिसत होता. आज पहाटेच तिनं त्याला तळेगावला बहिणीकडे पिटाळलं. परत फिरलास तर तंगडी मोडीन, म्हणाली. तो निघून गेला.

बंदीच्या आधी तिच्या सासऱ्याचं परवान्याचं दुकान होतं. माल आला की सासरा आधी सुनेला चाखायला लावी. तिची जीभ चुकत नाही, हे पंचक्रोशीला माहीत. म्हणून तर हे बोलावणं.

फौजदारांनी आधी खरं सांगायची शपथ म्हणून बेलभंडार उचलायला लावला. हळद घामेजल्या तळहाताला चिकटली.

पहिली वाटी मोहाची. कशावरून, असं त्यांनी विचारलं. मोह गिळला तरी जात नाही, नको असलेल्या पाहुण्यासारखा नाकात ठाण मांडतो, तिनं सांगितलं. दुसरी गुळाची, नवसागर घालून घाईनं उतरवलेली; जिभेला चिमटा काढते. तिसरी द्राक्षाची. आधी गोड, मग तुरट, मग गप्प. मोठ्या घरच्या सुनेसारखी. प्रत्येक घोट ती पिकदाणीत थुंकत होती आणि फौजदार शाळेत बसल्यासारखे ऐकत होते. सांगता सांगता तिची भीती जराशी मागं सरली.

"आता ही. सोपानरावांच्या उशाशी होती," फौजदार म्हणाले, आणि चहाची बशी सरकवावी तशी चौथी वाटी त्यांनी पुढं सरकवली.

ज्यानं माणूस मेला तेच हे. पण नाही म्हणावं तर संशय. तिनं ओठ लावला.

जांभूळ. भट्टीवर न चढवलेलं, नुसतं आंबवलेलं, दोन महिने मुरलेलं. आणि सगळ्यात शेवटी, घशापाशी, लवंग. लवंगेची युक्ती तिनंच बन्सीला शिकवली होती. इतकी निर्मळ दारू माणूस कशी मारील, असं क्षणभर मनात आलं. पण भीतीनं तो विचार पुरा होऊ दिला नाही.

"कुणाच्या हातची?"

तिनं पिवळ्या तळहाताकडे पाहिलं. गेनूच्या मागं रडायला कुणी नव्हतं.

"गेनूची," ती म्हणाली.

"नक्की?"

"व्हय. लवंग त्योच टाकतो. माज्या बन्सीला जांभळातलं काय बी कळत न्हाई."

फौजदारांनी लिहिलं, वाचून दाखवलं. तिनं अंगठा उठवला. छातीवरचा धोंडा उतरला तशी जीभही सैल झाली. सायेब, तुमचं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत हाय, असं ती म्हणालीसुद्धा.

फौजदार हसले नाहीत. त्यांनी दौतीचं झाकण लावलं.

"बाई, उशाशी दोन बाटल्या होत्या. एक गेनूची, एक बन्सीची. ही जांभळाची निर्मळ. दुसरी मी तुम्हाला चाखायला कशी देईन? तिच्यात लाकडाचं पॉलिश होतं. माणूस मेला तो त्या बाटलीनं."

तानाबाई आता बाकावर बसली.

"जांभळाची आपली, असं दोघंही सांगतात. बन्सी सकाळीच आपल्या पायानं इथं आला. म्हणाला, आईला बोलवा. तिची जीभ खोटं बोलत नाही."