एक दशांश

"एका दशांशानं काय होते? तुझ्याच तर हातात आहे!" सकाळपासून गजेंद्रचं हेच पालुपद चाललं होतं. आज शहराचा पारा पंचेचाळीस गाठणार, अशी पैज त्याने मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये लावली होती, तीही नव्या रसवंतीसाठी साठवलेलं सगळं घालून. आणि तो पारा बघून वहीत लिहायची नोकरी होती त्याच्या बायकोची, रंजनाची.

संध्याकाळी तिने वेधशाळेच्या अंगणातली पांढरी पेटी उघडली. दिवसाचा उच्चांक धरून ठेवणारा तापमापक एकदा झटकला, की पुरावा उरतो तो फक्त वहीतल्या आकड्याचा. 'देवा, चव्वेचाळीस पूर्णांक नऊ तेवढं दाखवू नकोस,' म्हणत तिने काचेच्या नळीशी डोळा नेला.

त्रेचाळीस पूर्णांक सहा. दुपारी धूळ उठून आभाळ झाकोळलं होतं, त्याचा हा परिणाम. रंजनाला एकदम सुटल्यासारखं झालं. एवढी तफावत कुणाच्या मायेनं बुजणार नव्हती. तिने आकडा लिहिला आणि तापमापक झटकून टाकला.

गजेंद्र फाटकाशीच उभा होता. आकडा ऐकून तो मटकन खाली बसला. मग म्हणाला, "बरंच झालं. थोडक्यात हुकलं असतं, तर तुझे पाय धरले असते मी."

रंजना त्याच्या शेजारी टेकली.

"अन् मी लिहून दिलं असतं," ती म्हणाली.